चौथ्या जागेवरची सुपारी

मागच्या रविवारी फोनच्या पडद्यावर तुम्हा दोघांची जुंपली. दादाने तुला चिडवलं, "तुला तर काशीदला विसरूनच गेले होते सगळे." तू फोन उचलून स्वयंपाकघरात गेलीस आणि अगदी हळू विचारलंस, "आजी, खरंच विसरले होते?"

मी म्हटलं, "लिहून पाठवते."

तू इंग्रजीत विचारलं होतंस आणि इंग्रजीत उत्तर देणं मला जड नव्हतं. माझं सारं शिक्षण त्याच भाषेत झालं आणि पुढे शाळेत मी तीच शिकवली. पण त्या दिवशी जे बोललं गेलं ते मराठीत, म्हणून ते तसंच लिहिते. आई वाचून दाखवील. तिला माझी एकच विनंती आहे, तिच्या वाट्याची वाक्यं तिने गाळू नयेत.

लहान मुलांना घेऊन गाडीने लांब जाणं मला कधीच सहल वाटलं नाही. तुमची आई लहानपणी एसटीत बसली की पनवेलचा स्टँड ओलांडायच्या आत पांढरीफटक पडायची. तेव्हापासून माझी प्रवासाची एक पिशवी ठरलेली आहे. जाड प्लास्टिकच्या पिशव्या, डब्यात ओले नॅपकिन, चिरलेलं लिंबू, आलेपाक, साधी बिस्किटं आणि प्रत्येक मुलाचा एक कोरडा कपडा. ही पिशवी डिकीत जात नाही, माझ्या मांडीवर असते. पेण येईपर्यंत कुणाला तेलकट खायला मिळत नाही. मुलांनी पुस्तकात किंवा फोनमध्ये डोकं घालायचं नाही, समोर बघायचं. नियम ऐकून तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसला होतात, मला आठवतंय.

त्या डिसेंबरात तू पाच वर्षं पूर्ण केली होतीस आणि दादा नऊचा होता. पनवेलहून आपण गावी निघालो होतो. गाव म्हणजे दिघीच्या पलीकडे, श्रीवर्धनच्या वाटेवर, जिथे आपली सुपारीची वाडी आहे. तुमच्या बाबांचं म्हणणं होतं, माणगाववरून जाऊ, हमरस्ता आहे. आईने मात्र तुला कबूल केलं होतं की गाडी बोटीत बसलेली दाखवीन. म्हणून अलिबागकडून किनाऱ्याने, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला जायचं आणि तिथून फेरीबोटीने गाडीसकट खाडी ओलांडून दिघीला उतरायचं असं ठरलं.

गाड्या दोन होत्या. पुढची आई चालवत होती. तिच्या शेजारी वन्सं, म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, तुमची मोठी आजी. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून पुढची सीट त्यांची. मागे तुमच्या दोघांच्या मध्ये मी. मागची गाडी भाड्याची. ती बाबा चालवत होते, शेजारी आजोबा, आणि मागे तुमच्या बॅगांचा डोंगर.

मोठी आजी आता थकल्या आहेत, फोनवर फारसं बोलत नाहीत. म्हणून त्या कोण हे तुम्हाला नीट सांगायला हवं. त्या तरुणपणीच एकट्या झाल्या आणि आमच्याकडे राहायला आल्या. मी शाळेत जायची तेव्हा तुमच्या आईची वेणी त्या घालायच्या, ताप आला की उशाशी त्याच बसायच्या. आईला पोहायलाही त्यांनीच शिकवलं, वाडीतल्या विहिरीत, कमरेला सुका भोपळा बांधून. आईला जे चिडणं माझ्यावर जमत नाही ते आत्यावर जमतं, कारण तिथे तिला जास्त हक्क वाटतो.

निघतानाच त्याची सुरुवात झाली. मोठ्या आजींनी सगळ्यांच्या तळहातावर दहीसाखर घातली. बाबा म्हणाले, "चला, जातो आम्ही." त्यावर त्या म्हणाल्या, "जातो म्हणू नये हो, येतो म्हणावं." मग त्यांनी तुझ्या पोटाशी, फ्रॉकच्या आतून, वर्तमानपत्राची घडी ठेवली. पोटावर कागद असला की उलटी होत नाही, असं त्यांचं मत.

"आत्या, प्लीज. तिला टोचेल ते."

"तुला टोचलं होतं का कधी?"

"मला दर वेळी उलटी व्हायची, आत्या."

"कागद नसता तर दोनदा झाली असती."

दादा मोठ्याने हसला. आई हसली नाही. तिच्या मनात सकाळपासून दुसरंच काही होतं. तिकडे परदेशात तुमच्याकडे मुलांना गाडीत वेगळी उंच खुर्ची लावून, पट्ट्याने बांधून बसवतात. ती खुर्ची इथे नव्हती. तू माझ्या शेजारी मोकळी बसली होतीस आणि आई आरशातून सारखी मागे बघत होती. पुढे मला वाटून गेलं, ती खुर्ची असती तर निदान रिकामी दिसली असती.

वडखळला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. तिथेच "आलं का?" सुरू झालं. मी अंताक्षरी काढून पाहिली. तुम्हाला येणारी गाणी मला येत नव्हती आणि मला येणारी तुम्हाला. मग लाल एसटी आधी कोण बघतो असा खेळ लावला. दादाला उभ्या असलेल्या एसटीही हव्या होत्या, तुला त्या चालत नव्हत्या. "ती झोपलीये, ती नाही धरायची," असं तू म्हणालीस. त्यावरून चिमटे निघाले. समोरून येणाऱ्या एसटी दिसतात ती उजवीकडची खिडकी एकीला, मग दुसऱ्याला, मग पुन्हा पहिलीला. माझे दोन्ही दंड संध्याकाळी काळेनिळे होते.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की रस्ता समुद्राच्या कडेने आणि डोंगराच्या पोटातून वळत जातो. तिथे तू गप्प झालीस. गप्प झालेलं मूल म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी पिशवी उघडून तयार ठेवली, लिंबू नाकाशी धरलं. काशीदच्या अलीकडच्या उतारावर तुला उलटी झाली, आणि झाली ती पिशवी चुकवून सीटवर, तुझ्या अंगावर, माझ्या पदरावर. पोटावरच्या कागदालाही सोडलं नाही.

"थांबव ग बाई गाडी," मोठी आजी पुढून ओरडल्या. वासाने त्यांनाच भोवळ यायला लागली होती.

आई म्हणाली, "थांबवते आत्या. उतारावर कुठे थांबवू?"

काशीदला सुरूच्या झाडांखाली गाडी उभी केली. रविवार होता. गाड्या, घोडे, घोड्यांच्या मागे धावणारी मुलं, भज्यांचा वास, आणि पलीकडे तो समुद्र. दिसायला पांढऱ्या वाळूचा, निळाशार, पण आत पाय टाकला की खालून ओढणारा. तिथे पाण्यात जाऊ नका अशी पाटी आहे, तरी लोक जातात.

रस्त्यापासून जरा आत, ताडपत्री बांधलेल्या एका टपरीवर शहाळी आणि लिंबू सरबत विकणारी बाई होती. तिने न विचारता पिंपातलं पाणी तांब्यातांब्याने ओतलं. मी तुला तिथेच मागच्या बाजूला धुतलं, पिवळा फ्रॉक घातला, आणि तुझ्या ओल्या चपला उन्हात वाळत ठेवल्या. एवढ्यात मागची गाडी आली. आजोबा उतरून स्वच्छतागृह शोधायला गेले. आई गाडीची चारही दारं उघडून सीट पुसत होती. तिचा चेहरा उतरलेला होता. आदल्या रात्री झोप नाही, रस्ता अनोळखी, आणि अजून अर्धी वाट बाकी.

मोठी आजी म्हणाल्या, "मी आता मागच्या गाडीत बसते. या वासात मला नाही सोसायचं." बाबांनी लगेच मागच्या सीटवरच्या बॅगा सरकवून जागा केली. मग त्या बोटांवर काहीतरी मोजत थांबल्या.

"म्हणजे त्या गाडीत आम्ही तिघं. नको ग बाई. तीन तिगाडा, काम बिगाडा. छोटीला दे माझ्याबरोबर. चार होऊ. तिलाही इथल्यापेक्षा तिथे मोकळं वाटेल."

तिघांनी मिळून कामाला निघू नये, ही आपल्याकडची जुनी समजूत. मला ती पटत नाही. आईलाही पटत नाही. पण वाद घालायला तिच्यात त्राण नव्हतं.

"बरं आत्या, घ्या तिला," ती म्हणाली. आणि तुला म्हणाली, "तू मोठ्या आजीबरोबर बाबांच्या गाडीत बसायचं हं, बाळा. कळलं?"

तू मान हलवलीस. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं. मी पिशवी घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसले. आईने गाडी सुरू केली आणि दादासाठी हॉर्न वाजवला.

पुढचं मला मागाहून कळलं. दादा तिकडे मोठ्या आजीपाशी रेंगाळला होता. त्याचं गणित तेव्हाही चांगलं होतं. तो म्हणाला, "पण मोठी आजी, ती तुमच्याकडे आली तर आमच्या गाडीत तीन होतात!" आणि उत्तराची वाट न बघता, हॉर्नच्या दिशेने पळत आला.

मोठी आजी गाडीच्या दारात थबकल्या. "अगं बाई, खरंच की!" मग हसून बाबांना म्हणाल्या, "तुमचा मुलगा हिशेबाला पक्का आहे हो. राहू दे छोटीला आईपाशीच. आजारी पोर, आईला सोडून कशाला येईल? माझ्याकडे सुपारी आहे."

वाडीतली एक सुपारी त्यांच्या पर्समध्ये कायम असते. पूजेला नवरा-बायकोपैकी एक हजर नसेल तर त्याच्या जागी सुपारी ठेवतात, तुम्ही लग्नात पाहिलं असेल. तशीच ही. त्यांनी ती काढून आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. तिघांचे चौघं झाले. बाबांनी मान डोलावली. आजोबा परत आले, त्यांना हे सांगितलं, त्यांनीही मान डोलावली.

आमच्या गाडीत दादा मागे एकटाच ऐसपैस पसरला. त्याचं म्हणणं कुणी कधी मनावर घेत नाही, त्यामुळे मोठ्या आजीने या वेळी घेतलं असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. तू ठरल्याप्रमाणे बाबांच्या गाडीत गेलीस, असंच आम्हा तिघांना वाटलं.

आणि तू चपला आणायला टपरीच्या मागे गेली होतीस.

आम्ही मुरूड ओलांडलं. जंजिरा दिसला तेव्हा दादाला दाखवला. गाडीतला वास कमी झाला होता, खिडक्या उघड्या होत्या, मागे भांडण नव्हतं. खरं सांगू? ती सगळ्या प्रवासातली सगळ्यात सुखाची वाट होती. आई एकदा म्हणालीसुद्धा, "दोघांना वेगळं बसवायचं हे आधी सुचायला हवं होतं."

बाबा मुरूडला पेट्रोल भरायला थांबले आणि मागे राहिले. आम्हाला आगरदांड्याच्या धक्क्यावर बोट उभीच मिळाली. फळीवरून गाडी आत चढवली, उतरून कठड्याशी गेलो. बोट सुटली. खाडीचा वारा लागला तसा आईचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

"बघ ना आई, हे तिलाच दाखवायचं होतं," ती म्हणाली. "असू दे, मागच्या बोटीने येईल तेव्हा बघेल."

तेवढ्यात बाबांचा फोन आला. वाऱ्यामुळे तिने तो मोठ्या आवाजावर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आम्ही धक्क्यावर पोचलो. तुमची बोट दिसतेय. छोटी काय म्हणते? खूश का?"

"म्हणजे?"

"अगं, बोट बघून खूश झाली का?"

"छोटी तुमच्याकडे आहे."

"नाही, तुझ्याकडे आहे."

 मग मोठ्या आजींचा आवाज आला, फोनपासून लांबून, "काय म्हणतेय ती? काय झालं?"

त्यानंतरचा तुझ्या आईचा चेहरा मी लिहिणार नाही. तिने बोटीवरच्या खलाशाचा हात धरला. "बोट फिरवा. माझी मुलगी काशीदला राहिलीये. फिरवा बोट."

तो माणूस घाबरला. "ताई, मधी न्हाय फिरवता येत. दिघीला लागू द्या, लगेच उलटी नेतो. तुम्ही गाडी उतरवूच नका."

बाबांनी तोवर गाडी वळवली होती. फोन सुरूच होता. आई म्हणाली, "पाण्याकडे आधी बघा. टपऱ्या नंतर, पाणी आधी." मग एकदम माझ्याकडे वळली, "आई, तिच्या अंगात काय आहे? कुठला फ्रॉक घातला आपण?" तिला आठवत नव्हतं. पोटच्या मुलीच्या अंगावर काय आहे ते तिला आठवत नव्हतं, आणि ते कळल्यावर ती जी खाली बसली ती लोखंडी फळीवर तशीच बसून राहिली.

"पिवळा," मी फोनमध्ये ओरडले. "पिवळा, खिशांचा."

दादा गाडीला टेकून उभा होता.  "मी सांगितलं होतं ना तीन होतात," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. हे तुला यासाठी सांगते की तो आता चिडवतो, पण त्या दिवशी तो माझा पदर सोडत नव्हता.

खाडी काही मोठी नाही. एरवी ती केव्हा संपते ते कळत नाही. त्या दिवशी दिघीचा धक्का जवळच येत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे काशीदची ती पाटी होती. मी मनात म्हणत होते, ती पाण्याला भिते, नळाखालीसुद्धा डोळे गच्च मिटते, ती जाणार नाही. मग मन म्हणायचं, पण ती आपल्याला शोधायला जाईल.

दिघीला बाकीच्या गाड्या उतरल्या, नव्या चढल्या, आम्ही तिथेच. बोट उलटी निघाली. बाबांना वाटेत रेंज मिळत नव्हती. आई फोन हातात धरून नुसती बघत होती. आगरदांड्याचा धक्का स्पष्ट दिसायला लागला तेव्हा फोन वाजला. बाबांच्या नंबरवरून, पण बोलत आजोबा होते.

"आहे. आहे ग. खुर्चीवर बसलीये. धडधाकट आहे."

तिथे काय झालं ते मला नंतर आजोबांकडून कळलं. तू चपला घालून बाहेर आलीस तेव्हा एकही गाडी नव्हती. तुला तुझ्या शाळेत शिकवलं होतं, हरवलं तर जिथे आहोत तिथेच थांबायचं. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, त्याच्याकडून काही खायचं नाही. तू ते सगळं अक्षरशः पाळलंस. टपरीवरच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ ताठ करून, हात गुडघ्यांवर ठेवून बसलीस. ती बाई विचारून विचारून थकली.

"कवाची इचारते मी," ती आजोबांना म्हणाली, "नाव सांग, गाव सांग. पोर तोंडच उघडत न्हाय. शहाळं दिलं, त्ये पन घेत न्हाय. रडत पन न्हाय. मला वाटलं, हिचे आईबापच पान्यात गेले."

म्हणूनच तिथे धावपळ चालली होती. तिने शेजारच्या दुकानातला माणूस आणि दोन घोडेवाले किनाऱ्यावर पळवले होते. ते पाण्यातल्या लोकांना विचारत फिरत होते, कुणी बुडालं का, एका लहान मुलीचे आईबाप कुणी पाहिले का. आम्ही बोटीवर तुला पाण्यात शोधत होतो, आणि तिथे लोक आम्हाला पाण्यात शोधत होते.

गाडी थांबताच आधी उतरल्या त्या मोठ्या आजी, त्या गुडघ्यांनिशी, बाबांच्याही आधी. तू खुर्चीवरून उठली नाहीस. त्यांच्याकडे बघून म्हणालीस, आणि मराठीत म्हणालीस, "मी इथेच थांबले होते."

त्या तिथेच वाळूत बसल्या. त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं.

आगरदांड्याला आम्ही धक्क्यावर वाट बघत उभे होतो. गाडी आली, आईने दार उघडून तुला उचललं ते कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. तुझे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. मग मोठी आजी हळूहळू उतरल्या. त्यांना काही म्हणायचं होतं. आईने म्हणू दिलं नाही.

"तुमची सुपारी सुखरूप पोचली ना, आत्या? मग झालं तर."

मी "अगं," म्हणून तोंड उघडलं.

"आई, तू मध्ये पडू नकोस. शकुन अपशकुन, दही, कागद, सुपारी. मूल सोडून सगळ्याची काळजी आहे या घरात."

"बोलू दे तिला," मोठी आजी म्हणाल्या.

 आईच्या खांद्यावरून तू विचारलंस, "कुठली सुपारी?"

मोठ्या आजींनी मूठ उघडली. तुला घेऊन काशीदहून निघाल्यापासून त्यांनी ती मुठीतच धरली होती, तळहातावर तिचा वळ उमटला होता.

"ही माझ्या जागेवर बसली होती?"

"हो, बाळा."

तू ती बोटात धरून फिरवून पाहिलीस. "एवढीशी?"

कुणी हसलं नाही. तुला परत द्यावीशी वाटली नाही म्हणून तू ती पिवळ्या फ्रॉकच्या खिशात टाकलीस.

पुढच्या बोटीवर दोन्ही गाड्या एकत्र चढल्या. तुला गाडी बोटीत बसलेली दिसली, पण तू बघितलंस की नाही कोण जाणे. आई तुझा हात धरून एका कठड्याशी, मोठी आजी एकट्या दुसऱ्या कठड्याशी. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"मला वाटलं, आजारी पोर आईपाशीच असणार," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "त्यात वाटायचं काय होतं? मागे वळून बघायचं होतं."

"मला वाटलं, तुम्ही तिला घेतलंत."

"हं."

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला कुणी विसरलं नव्हतं. मी त्या दिवसाकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं आहे, म्हणून खात्रीने सांगते. विसरलेल्या माणसाची कुणाला चौकशी नसते. तुझी तर प्रत्येकाने सोय लावली होती. आईने तुला आत्याच्या स्वाधीन केलं होतं, आत्याने आईच्या. दोघींनाही दुसरीच्या मायेबद्दल शंका नव्हती, म्हणून कुणीही वळून पाहिलं नाही. हे विसरण्यापेक्षा बरं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तू मोठी झालीस की तूच ठरव.

दिघीला उतरलो. दोन्ही गाड्या धक्क्याबाहेर काढून थांबवल्या आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला, की कुणी कुठे बसायचं. आम्ही सात माणसं, गाड्या दोन. आमच्या गाडीत पुन्हा पाच कोंबायचे नसतील, तर कुठे तरी तीन येणार. ते सगळ्यांच्या मनात होतं आणि बोलायची कुणाची छाती नव्हती. मोठी आजी भाड्याच्या गाडीच्या दारावर हात ठेवून उभ्या होत्या, आत बसावं की नाही हेही विचारू नये अशा. आईने आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि तुला म्हणाली, "चल बाळा, आत बस."

तू हलली नाहीस.

"मला त्या गाडीत बसायला सांगितलं होतं," तू म्हणालीस. "मोठ्या आजीबरोबर. तू सांगितलं होतंस."

तुला त्यात काही मोठेपणा दाखवायचा नव्हता. तुला एक गोष्ट सांगितली होती, ती करायची राहून गेली होती, ती तू करत होतीस. पण तुझ्या आईचा हात दारावरच राहिला. मी तिच्याकडे बघत होते. आत्ता ती नाही म्हणाली तर मोठी आजी पुन्हा कधी या मुलांना जवळ घ्यायच्या नाहीत, आणि हो म्हणाली तर ही पुढची वाट तिला कशी काढायची ते तिचं तिला माहीत.  तू तिच्याकडे मान वर करून बघत होतीस.

"बस," ती शेवटी म्हणाली. मोठ्या आजीकडे न बघता म्हणाली, "आत्या, तिला खिडकीपाशी नका बसवू."

"नाही बसवत," मोठी आजी म्हणाल्या.

तू चढलीस. बाबांना आईने पुढे व्हायला सांगितलं. "तुम्ही पुढे. मी मागे. आणि हळू चालवा." आमच्या गाडीत आई, दादा आणि मी, तिघंच. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तो गप्प राहिला.

दिवस कलला होता. बोर्लीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं आहेत, सावल्या लांब पडल्या होत्या. आई इतक्या जवळून गाडी चालवत होती की एरवी मी तिला बोलले असते. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत दोन डोकी दिसत होती, एक पांढरं आणि एक तुझं. थोड्या थोड्या वेळाने तुझं डोकं वळायचं. सीटवर गुडघे टेकून तू मागे बघायचीस, आम्ही आहोत की नाही ते. पांढरं डोकं तुला खाली बसवायचं. तू पुन्हा वळायचीस.

आणि तू वळलीस की दर वेळी आई गाडीचे दिवे एकदा लावून विझवायची. गावाची वेस येईपर्यंत ती दुसरं काहीच करत नव्हती.